मालवणच्या बाजारातलं परकं जहाज

सिंधुदुर्ग किल्ला बघून जेटीवर उतरलेला पाहुणा मालवणच्या बाजारात खाजं, कोकम आणि काजूगर घेतो. बरोबर पोर असेल तर एखादं लाकडी जहाजही घ्यावं लागतं. वीत-दीड वीत लांबीचं, पॉलिश मारलेलं. तीन डोलकाठ्या, आडव्या वाशांना टांगलेली फुगीर चौकोनी शिडं, मागच्या बाजूला माडीसारखा चढवलेला भाग आणि त्याला ओळीनं खिडक्या. वस्तू देखणी असते, नाही म्हणता येत नाही. पण हे जहाज मालवणचं नव्हे. ते इंग्रज, डच किंवा पोर्तुगीज धाटणीचं आहे. असली जहाजं या दर्यात आली ती मालाच्या शोधात, आणि तोफा सोबत घेऊन. इथल्या गलबताला, फत्तेमारीला तिरकं शीड असे, आणि त्यांची, तशीच गुराबेची, नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांबवर पुढे झेपावलेली असे. तसलं जहाज त्या फळीवर मला कधी दिसलेलं नाही.

ज्या गावासमोर मराठी आरमाराचा सगळ्यात मोठा किल्ला उभा आहे, त्या गावात आठवण म्हणून शत्रूचं जहाज विकलं जावं, यात दुकानदाराचा काही दोष नाही. त्याला जे घडवून मिळतं ते तो विकतो. घडवणारा जो नमुना सहज मिळतो तो घडवतो. खरा प्रश्न त्या नमुन्याचा आहे. जगभर लाकडी जहाजं घडवण्याचा छंद आहे, त्याची पुस्तकं आहेत, तयार संच आहेत. त्यांत इंग्रजांची लढाऊ जहाजं शेकड्यांनी मिळतात आणि कान्होजी आंग्र्यांची गुराब सहसा दिसत नाही. असं का झालं, हे शोधायला छोट्या जहाजाच्या मूळ घराण्यांपर्यंत मागे जावं लागतं.

छोटं जहाज फार जुनं आहे. गुजरातेत लोथलच्या उत्खननात भाजल्या मातीच्या होड्या सापडल्या. एकीत तर डोलकाठी रोवायला भोकही आहे. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात ३५ छोट्या नावा होत्या, राजाला परलोकातला प्रवास करता यावा म्हणून. युरोपात दर्यावर्दी लोक नवस फेडायला देवळात जहाज टांगत. स्पेनमधल्या मातारो गावचं असं एक जहाज पंधराव्या शतकातलं आहे आणि आज ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात आहे. त्या काळचं खरं जहाज कसं बांधत, हे अभ्यासकांना बरंचसं त्या नवसाच्या जहाजावरूनच कळलं.

ही झाली देवाधर्माची जहाजं. त्यांना प्रमाण नसतं. डोलकाठी हातभर, होडी वीतभर असं चालतं. छंदाच्या जहाजाचा खरा पूर्वज वेगळा, आणि तो सरकारी कचेरीत जन्मला. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रज आरमाराच्या कारभाऱ्यांकडे नव्या जहाजाची हुबेहूब लहान प्रतिकृती येऊ लागली. खालच्या अंगाच्या फळ्या मुद्दाम मारायच्या नाहीत, म्हणजे आतल्या बरगड्या उघड्या दिसतात. प्रमाण बहुतेक वेळा एका फुटाला पाव इंच, म्हणजे ४८ पटींनी लहान. सॅम्युएल पीप्स हा आरमाराच्या कचेरीतला अधिकारी. रोजनिशीमुळे तो पुढे जगप्रसिद्ध झाला. १६६२ च्या उन्हाळ्यात एका अनुभवी खलाशाला हाताशी धरून, कचेरीतल्या प्रतिकृतीवर बोट ठेवत ठेवत तो जहाजाचा एकेक भाग शिकला. समुद्राची फारशी ओळख नसलेला हा कारकुनी माणूस जहाज शिकला ते टेबलावर.

दोनच वर्षांनी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. पुढच्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज इथूनच बसरूरच्या स्वारीवर निघाले. इंग्रजांच्या पत्रांत त्या ताफ्यात ८५ छोटी गलबतं आणि ३ मोठी जहाजं होती असा उल्लेख आहे. एवढं आरमार सात-आठ वर्षांत उभं राहिलं होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर तिथल्या खाडीत बांधणी सुरू झाली. रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह त्या कामावर होता. १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कान भरल्यावर तो काम टाकून निघून गेला. काम मात्र थांबलं नाही. ते इथल्या सुतारांनी पुढे नेलं.

या सुतारांनी कागदावर काही काढलं असेल तर ते आज आपल्यापुढे नाही, आणि काढलं असण्याची शक्यताही कमी. या किनाऱ्यावर जहाज बांधायची रीतच वेगळी होती. तळाचा मुख्य वासा, म्हणजे पठाण, त्याची लांबी ठरली की बाकीची मापं त्याच्या हिशोबानं येत: रुंदी किती, खोली किती, नाळ किती पुढे. हे प्रमाण मुख्य सुताराच्या डोक्यात असे आणि ते काम करता करताच मुलाला मिळे. आधी मोजक्या बरगड्या उभ्या करून अंगाचा आकार धरायचा, मग फळ्या चढवायच्या आणि उरलेल्या बरगड्या त्या फळ्यांना बेतून आतून बसवायच्या. फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तीत बसवायची, सांध्यात कापूस आणि राळ भरायची. मुंबईच्या गोदीत आलेल्या युरोपियनांनीही या खाचेच्या जोडणीची तारीफ केली आहे. काम पुरं झालं की अंगाला मोरीचं, म्हणजे शार्कच्या काळजाचं तेल, आणि बुडाला चुना-चरबीचा लेप. त्या वासापायी नव्या गलबताजवळ फिरकायला लोक कुरकुरत असणार.

कागद अगदीच नव्हता असं नाही. सभासदाच्या बखरीत जहाजांच्या जातींची नावं येतात: गुराब, तरांडी, तारू, गलबत, शिबाड, पगार, मचवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात फार शहाणपण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्यावाचून हलत नाहीत अशी अवजड जहाजं बांधायच्या भानगडीत पडू नये. सागासारखं लाकूड परवानगीनं तोडावं. आंबा-फणस मात्र रयतेनं पोटच्या लेकरासारखे वाढवलेले असतात, त्यांना धन्याच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये. पेशवे दप्तरात आरमाराच्या खर्चाच्या नोंदी आहेत. लाकूड, लोखंड, काथ्या, पगार यांचा हिशोब सापडतो. नाळेचा बाक किती अंशांचा होता ते सापडत नाही. भा. कृ. आपटे यांनी १९७३ मध्ये मराठा आरमाराचा आणि व्यापारी जहाजांचा इतिहास इंग्रजीत लिहिला, त्यांनाही आकारासाठी बरंचसं परक्यांच्या वर्णनांवर टेकावं लागलं.

त्यात १७५६ आलं. फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गासमोर उभं राहिलं, क्लाइव्ह फौज घेऊन जमिनीवर उतरला, आणि तुळाजी आंग्र्यांचा अख्खा ताफा बंदरात जळाला. पेशव्यांनी ही मोहीम इंग्रजांच्या हातात हात घालून केली होती, हे आठवलं की अजूनही चडफडायला होतं. पुढे पेशव्यांचे आरमारी सरदार धुळप यांनी विजयदुर्गाला पुन्हा आरमार उभं केलं. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं रेंजर जहाज पकडलं. विजयदुर्गाच्या वरच्या अंगाला, वाघोटन खाडीत गिर्ये गावच्या हद्दीत खडक कोरून केलेली गोदी आजही पाहता येते. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला उतरतं. तिथे किती जहाजं दुरुस्तीला ओढली असतील, पण त्या गोदीतून बाहेर पडलेल्या एकाही जहाजाची प्रतिकृती त्या काळी कुणी केली नाही. करायचं कारणच नव्हतं. खरं जहाज समोर उभं असताना त्याचं बाहुलं कशाला?

विजयदुर्ग जळाल्याचं चित्र मात्र इंग्रजांनी काढून घेतलं. डॉमिनिक सेरेस या चित्रकारानं त्या लढाईचं मोठं तैलचित्र केलं आणि ते लंडनमधल्या ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. आंग्र्यांची गुराब हवी असेल तर ती जळताना पाहावी लागते, आणि तीही लंडनच्या चित्रशाळेत बसलेल्या माणसाच्या नजरेतून.

गुराबेचं सगळ्यात उपयोगी वर्णन रॉबर्ट ऑर्म या ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. प्रतिकृती करणाऱ्यानं ते वाक्यावाक्यानं वाचावं असं आहे. गुराबेला सहसा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० टनांच्या आतली. पाणी फार कमी घेते, लांबीच्या मानानं रुंद असते आणि मध्यापासून पुढे निमुळती होत जाते. पुढे युरोपियन जहाजासारखा गोल माथा नसून लांब चोच निघते, आणि ती चोच मुख्य तक्तपोशीच्या, म्हणजे डेकच्या, पातळीतच झाकलेली असते. चोच आणि जहाज यांच्यामध्ये लाकडी भिंत. त्या भिंतीत दोन खिडक्या, आणि त्यांतून पुढे, चोचेवरून मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. गलबत याच धाटणीचं पण लहान, फार तर ७० टनांचं. ४०-५० वल्ही, वारा पडला तरी ताशी चार मैल. म्हणजे गलबतांनी गुराब ओढत न्यायची, इंग्रजांचं जहाज वाऱ्याविना अडकलं की त्याच्या मागच्या अंगाला नेऊन उभी करायची आणि चोचेवरच्या तोफा डागायच्या. आज्ञापत्र मोठ्या जहाजांना नाक का मुरडतं ते इथे कळतं.

वर्णन इतकं नेमकं आहे की त्यावरून बांधायला घ्यावं असं वाटतं. पण बसलं की अडतं. चोच किती लांब? रुंदी लांबीच्या कितव्या हिश्श्याची? मागचं अंग कसं होतं? ऑर्म इतिहासकार होता, सुतार नव्हता.

त्याच सुमाराला मुंबईत दुसरं घराणं नांदत होतं. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ च्या सुमाराला मुंबईत आले आणि पुढे पिढ्यान् पिढ्या वाडिया मास्टर बिल्डर राहिले. सागवान मलबारचं, कौशल्य इथलं, पण ब्रिटिश आरमारासाठी बांधायचं तर नकाशा लंडनचा. ट्रिंकोमली या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून जावा नावाच्या जहाजातून निघाले. १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्यापुढे अमेरिकनांनी जावा नष्ट केलं, नकाशेही गेले, आणि दुसरी प्रत येईपर्यंत मुंबईतलं काम खोळंबलं. ट्रिंकोमली १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. मुंबईच्या सुतारांनी बांधलेलं जहाज आज कुणालाही ४८ पटींनी लहान करता येतं, कारण त्याचा कागद आहे. मालवण-विजयदुर्गच्या सुतारांनी बांधलेलं करता येत नाही. लाकूड तेच, हात तसलेच.

नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी आणखी एक वळण दिलं. नॉर्मन क्रॉसच्या छावणीत जेवणातली हाडं घासून, तासून, त्यांची जहाजं करून हे कैदी बाजारात विकत. माणसाच्या केसांचीही दोरी करत. कचेरीचं जहाज इथे पहिल्यांदा फावल्या वेळाचं झालं, आणि विकायचंही. पुढे विसाव्या शतकात इटली आणि स्पेनमधल्या कंपन्यांनी खोक्यात भरून संच विकायला काढले: कातलेल्या पट्ट्या, पितळी तोफा, दोऱ्याची रिळं आणि नकाशा. तूरिनची अमाती कंपनी १९४६ ची. या संचांनी हौशी लोकांची फौज तयार केली, आणि त्यांच्याबरोबर एक रीतही जगभर गेली: आधी सगळे आडवे छेद उभे करायचे, मग त्यांवर पट्ट्या चिकटवायच्या. कोकणी जहाज या रीतीनं केलं तर बाहेरून तसं दिसेल, आतून मात्र ते खोटं. आपली फळी बरगडीवर बेतलेली नसे, बरगडी फळीवर बेतलेली असे. ज्याला काचेच्या पेटीत ठेवायचं आहे त्याला काय फरक पडतो? मला पडतो.

आपल्याकडे छोटं जहाज अजिबात नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या पात्रात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री घरी केलेल्या छोट्या होड्या आणि जहाजं दिवे लावून सोडतात, त्यांच्या स्पर्धा होतात. कागद, थर्मोकोल, बांबू, काही चालतं. ओडिशात त्याच कार्तिकी पौर्णिमेला केळीच्या सोपांच्या होड्या सोडतात, पूर्वीच्या समुद्री व्यापाराच्या आठवणीनं. महाराष्ट्रात दिवाळीत अंगणोअंगणी किल्ला होतो. ज्या घरातला पोरगा सिंधुदुर्ग करतो त्याला परातीत पाणी ठेवून कागदी होड्या सोडाव्याच लागतात. प्रमाण पाहायचं म्हटलं तर मावळा बुरुजाएवढा असतो. आणि सावंतवाडीची चितारआळी तर लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेलीच: पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची फळं, भातुकली, भोवरे. खेम सावंत तिसरे यांच्या काळापासून त्या कलेला राजाश्रय आहे. म्हणजे मालवणपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर लाकूड लहान करून रंगवणारे हात होते, आणि किनाऱ्यावर जहाज बांधणारे हात होते. या दोन आळ्यांची गाठ पडून मापात बसणारं जहाज निघायला कुणीतरी माप मागायला हवं होतं. ते कुणी मागितलं नाही.

माप घेतलं ते परक्यांनी, आणि त्यांचे उपकार मानायला हवेत. जॉन एडी हा श्रीलंकेतल्या ट्रिंकोमली बंदराच्या गोदीतला ब्रिटिश सुतारप्रमुख. १८३४ मध्ये त्यानं इथल्या किनाऱ्यांवरच्या जहाजांवर एक लेख छापला. त्यात पहिल्या दर्जाची फत्तेमारी आहे: लांबी ७६ फूट ६ इंच, रुंदी २५ फूट २ इंच, खोली ११ फूट ९ इंच, भारक्षमता सुमारे २०० टन. आणि एदमाँ पारी हा फ्रेंच आरमारी अधिकारी. १८३०-४० च्या दशकात जगप्रवास करताना जिथे नांगर पडे तिथे किनाऱ्यावर उतरून हा गृहस्थ मोजपट्टी लावून स्थानिक होड्या मोजत असे. १८४१ ते ४३ या काळात त्यानं त्या सगळ्यांचे नकाशे ग्रंथरूपानं छापले. त्यात आपल्या किनाऱ्याची फत्तेमारी आहे. १८७१ मध्ये तो पॅरिसच्या आरमारी संग्रहालयाचा प्रमुख झाला, तेव्हा ते लुव्हरमध्ये होतं. मग त्यानं आपल्याच नकाशांवरून प्रतिकृती घडवून घेतल्या. आपल्या बंदरांत मंगलोरी कौलं, मीठ आणि नारळ वाहणाऱ्या जहाजाचा सगळ्यात भरवशाचा नकाशा असा पॅरिसमार्गे मिळतो.

फत्तेमारी म्हणूनच सुरुवातीला घ्यायला उत्तम. ४८ च्या प्रमाणात ती १९ इंचांची होते, रुंदी सव्वासहा इंच, खोली तीन इंचांना जरा कमी. टेबलावर मावते, घरच्यांच्या फार शिव्या खाव्या लागत नाहीत. खऱ्या जहाजाची दोन इंच जाड फळी इथे एक मिलिमीटरची होते आणि आठ इंची रुंदी जेमतेम चार मिलिमीटर. पाच-साडेपाच फुटांचा तांडेल सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटरचा.

पहिली फसगत लाकडाची. खरी फत्तेमारी सागाची, म्हणून छोटीही सागाची करावी असं मनात येतं. पण साग लहान होत नाही. त्याच्या रेषा आणि छिद्रं तेवढीच मोठी राहतात, आणि १९ इंची जहाजावर ती चिरा पडल्यासारखी दिसतात. त्यासाठी बारीक पोताचं लाकूड हवं. युरोपात बॉक्सवुड वापरतात. आपल्याकडे त्या जवळ जाणारं म्हणजे हेदू, पिवळसर, घट्ट, कंगवे करायचं लाकूड. पांढरा भाग हवा तिथे कुडा. दोन्ही सुतारकामाच्या वखारीत मागितली तर लोक चेहऱ्याकडे बघतात, कारण त्यांना दार-खिडकीचं गिऱ्हाईक सवयीचं.

दुसरी गोष्ट पठाणाची. फत्तेमारीचा तळ सरळ नसतो, मध्ये किंचित वर उचललेला असतो, आणि पुढे तो नाळेत असा वळत जातो की तळ कुठे संपला आणि नाळ कुठे सुरू झाली ते बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. नवखा माणूस हा तुकडा सपाट पट्टीतून कापतो आणि सगळं जहाज निर्जीव होतं. नाळ तळाच्या मानानं बरीच लांब पुढे पसरते. तिथल्या फळ्यांना एकाच वेळी वळायचंही असतं आणि पिळायचंही. पट्टी गरम पाण्यात भिजवायची, तापलेल्या नळीवर दाबत दाबत वाकवायची, आणि जागेवर लावून सुकेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवायची. खरे सुतार तेच करत: ओली फळी विस्तवावर धरायची आणि वजन देऊन वाकवायची. घाई केली की फळी ‘कट्’ असा आवाज करते. तो एकदा ऐकला की विसरत नाही.

डोलकाठ्या दोन, आणि दोन्ही पुढे झुकलेल्या. संचातली जहाजं करून आलेला माणूस त्या हटकून मागे झुकवतो. शिडाचा तिरका वासा डोलकाठीहूनही लांब असतो आणि तो एका ओंडक्याचा नसतो. दोन-तीन काठ्या एकमेकींवर चढवून दोरीनं आवळलेल्या असतात. ते आवळे दाखवले की वासा खरा वाटतो, नाहीतर बांबूची काडी दिसते. काथ्याची दोरी मात्र खऱ्या काथ्याची करू नये. काथ्याचा एक धागा या प्रमाणात दोरखंडाएवढा दिसतो. सुती दोरा घ्यावा, पीळ वाढवून घ्यावा. शिडाला जुनं मलमल चालतं, चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं.

खऱ्या फत्तेमाऱ्या रस्ते झाले, ट्रक आले, इंजिनं बसली, तशा गेल्या. मासेमारीच्या होड्याही आता बऱ्याच फायबरच्या आहेत. साच्यातून निघालेल्या होडीला वेगळ्या सुताराची गरज राहत नाही. उलांडी लावलेल्या लाकडी होड्या मालवण किनाऱ्यावर अजून ओढून ठेवलेल्या दिसतात. ज्याला छंद लागला आहे त्यानं फत्तेमारी घेण्याआधी एक दिवस त्यांच्याजवळ मोजपट्टी आणि वही घेऊन घालवावा. पारीनं जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी हेच केलं.

कागद नसताना जहाज परत आणता येतं का, याचं उत्तर अलीकडे शेजारच्या गोव्यात मिळालं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं जहाज रंगवलेलं आहे. चित्रावरून नौदलानं आकार ठरवला, आयआयटी मद्रासमध्ये त्याच्या छोट्या प्रतिकृतीची पाण्याच्या टाकीत चाचणी झाली, आणि दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या होडी इनोव्हेशन्सनं ते बांधलं. ही तीच जागा, जिथे जगप्रदक्षिणा केलेली म्हादेई आणि तारिणी घडल्या. केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांनी फळ्या खिळ्याशिवाय काथ्यानं शिवल्या. २०२५ च्या मे महिन्यात कारवारला ते कौंडिण्य या नावानं नौदलात दाखल झालं आणि वर्षाअखेरीला पोरबंदरहून मस्कतला निघालं. चित्रापासून छोटं जहाज, छोट्यापासून मोठं. म्हणजे पीप्सच्या कचेरीतली रीत, पंधराशे वर्षं जुन्या चित्रावर लावलेली. चित्रकारानं फक्त एक बाजू काढली होती. दुसरी बाजू, तळ आणि आतलं अंग कुणाला तरी ठरवावं लागलं.

गुराबेसाठीही तसंच कुणीतरी ठरवावं लागेल. साधनं कमी नाहीत: ऑर्मचं वर्णन, सेरेसचं चित्र, पारीच्या नकाशांतली याच कुळातल्या जहाजांची नाळ, बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर कोरलेल्या आणखी जुन्या युद्धनौकांच्या वल्ह्यांच्या रांगा, आणि गिर्येची गोदी, जिच्या तोंडाच्या रुंदीवरून आत शिरणाऱ्या जहाजाची रुंदी कितीपर्यंत जाऊ शकते ते मोजता येतं. चोचेची लांबी मात्र कुणालाच सांगता येणार नाही. तिथे आपलाच डोळा. ज्याला आधी करून पाहायची असेल त्यानं दोन डोलकाठ्यांची, दीडशे टनांच्या आतली घ्यावी आणि तीनवालीच्या नादी लागू नये. अमात्यांनीही मध्यम गुराबच सांगितली आहे.